महेशचंद्र बंद्योपाध्याय : कलकत्त्याच्या पटावरील एक विस्मृत बुद्धिबळपटू

बुद्धिबळाचा जन्म भारतात झाला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. येथील चतुरंग इराणात गेले, अरबांच्या हाती ‘शतरंज’ झाले आणि पुढे युरोपात पोचले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे वजीर व उंट यांच्या चाली विस्तारल्या आणि हळूहळू खेळाला नवे रूप आले. हा खेळ इंग्रजांबरोबर पुन्हा भारताच्या भूमीवर उतरला, तेव्हा आपलाच खेळ आपल्याला परक्याकडून शिकण्याची वेळ येथील खेळाडूंवर आली. या विलक्षण भेटीचे प्रतिनिधी म्हणून ज्यांच्याकडे पाहता येईल, असे एक बंगाली ब्राह्मण गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास होऊन गेले. त्यांचे नाव महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘मोहेशचंदर बॅनर्जी’ या व अशाच निरनिराळ्या वळणांनी लिहिलेले आढळतात.

महेशचंद्र ज्या नियमांनी खेळत लहानाचे मोठे झाले, ते नियम प्रथम समजून घेतले पाहिजेत. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, संपूर्ण डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याला मनास येईल ते मोहरे होता येत नसे. ज्या स्तंभात ते पोचले, त्या स्तंभाच्या मोहऱ्याचा मान सामान्यतः त्याला मिळे. प्रांतोप्रांती या नियमांत थोडाफार फरक असला, तरी मूळ वळण एकच होते. महाराष्ट्रातही कित्येक पिढ्या याच पद्धतीने पट मांडीत आल्या. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथावर आधारलेले बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक छापले गेले. ते मुद्दाम युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेले होते. दोन पद्धतींमधील अंतर किती जाणवत होते, हे त्यावरून दिसते.

महेशचंद्रांचे प्रतिस्पर्धी जॉन कोक्रेन हे सामान्य खेळाडू नव्हते. १७९८ साली जन्मलेले हे स्कॉटिश गृहस्थ व्यवसायाने बॅरिस्टर. बुद्धिबळ हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. तो जन्मभराचा छंद होता. १८२१ मध्ये फ्रान्समध्ये देशापेल व ला बुर्दोने या त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूंशी त्यांनी डाव मांडले. १८२२ मध्ये त्यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १८२४ साली ते भारतात आले. मधल्या काळात रजेवर इंग्लंडला गेले असता हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी त्यांनी शेकडो डाव खेळले, आणि मग पुन्हा कलकत्त्यास परतून वकिली करू लागले. कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबाचे ते आधारस्तंभ होते. १८५१ साली लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा या क्लबाने तिला १०० पौंडांची देणगी दिली. त्यावरून क्लबाच्या उत्साहाची कल्पना येईल.

१८४८ च्या सुमारास या मंडळींच्या कानी एक वार्ता आली. मुफसलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलुखात, एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कोणाकडून हरलेला नाही, अशी त्याची ख्याती होती. तेच महेशचंद्र. युरोपीय नियमांची त्यांना ओळख नव्हती. प्रतिस्पर्ध्याने किल्लेकोट करून राजा व हत्ती एकाच चालीत हलवावेत, याचा देशी खेळाडूला किती अचंबा वाटला असेल, हे सांगावयास नको. ज्या खेळात अजिंक्य म्हणून नाव झाले, त्याच खेळाचे नियम प्रौढ वयात नव्याने शिकणे म्हणजे कमावलेला लौकिक स्वतःच्या हाताने पणाला लावणे होय. महेशचंद्रांनी तो लावला. ते कलकत्त्यास आले, त्यांनी परके नियम आत्मसात केले आणि क्लबाने त्यांना वेतनावर ठेवून घेतले.

पुढे दहा-बारा वर्षे या दोघांत शेकडो डाव झाले. त्यांपैकी बहुतेक कोक्रेन यांनी जिंकले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु महेशचंद्रांनीही अनेक डाव जिंकले. कोक्रेन यांच्यापुढे टिकाव धरू शकेल असा कलकत्त्यात हा एकच खेळाडू आहे, असा निर्वाळा तेथील एका पत्रलेखकाने १८५० साली लंडनच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ या नियतकालिकातून दिला. मात्र इतर देशी खेळाडूंप्रमाणे हा ब्राह्मणही बंदिस्त खेळतो, डाव मोकळा करीत नाही, अशी टीपही त्याने जोडली. त्या काळी युरोपात प्यादी धडाडीने पटाच्या मध्यभागी नेऊन चढाई करणे हाच उत्तम खेळ समजला जाई. त्या दृष्टीने हा दोषच होता.

वस्तुतः ते महेशचंद्रांच्या पूर्वसंस्काराचे फळ होते. प्यादे एकच घर चालणार असेल, तर दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते. आधी आपली मांडणी भक्कम करावयाची, मग झुंज द्यावयाची, ही रीत आपोआप अंगवळणी पडते. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवावे आणि त्या रिकाम्या घरात उंट बसवून पटाचा मध्यभाग दुरून रोखावा, ही त्यांची आवडती मांडणी होती.

मे १८५५ मधील एक डाव या दृष्टीने मननीय आहे. कोक्रेन पांढऱ्या मोहऱ्यांनी व महेशचंद्र काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते. महेशचंद्रांनी पहिल्या चालीस घोडा बाहेर काढला आणि दुसऱ्या चालीस ते घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवले. या दोन्ही चाली देशी खेळात बसणाऱ्या आहेत. तिसऱ्या चालीस मात्र त्यांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. ही सवलत परक्या नियमांनी दिलेली होती. देशी संयम आणि परकी मोकळीक यांचा असा मिलाफ पहिल्या तीन चालींतच झाला. डाव अटीतटीचा झाला. परंतु अखेरीस कोक्रेन यांनी वजिराचे बलिदान करून काळ्या राजाला त्याच्याच हत्ती, उंट व प्याद्यामध्ये कोंडले आणि एकविसाव्या चालीस घोड्याने मात केली.

डाव हरला, चाली मात्र टिकल्या. १९२२ साली ऑस्ट्रियाचे एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हाच बचाव स्पर्धेत योजला आणि व्हिएन्ना येथे त्याच्या बळावर अलेखाइन यांना पराभूत केले. पटाचा मध्यभाग प्याद्यांनी अडविण्याऐवजी दुरून मोहऱ्यांनी दाबावा, हा विचार युरोपातील नव्या पिढीने तेव्हा सिद्धांत म्हणून मांडला. पुढे १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशर यांनी डोनाल्ड बर्न यांच्यावर मिळवलेला विख्यात विजय याच बचावातील होता आणि १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कास्पारोव्ह यांनी कार्पोव्ह यांच्याविरुद्ध तोच वापरला. जो ‘बंदिस्त खेळ’ १८५० साली देशी खेळाडूची उणीव म्हणून नोंदला गेला, तो सत्तर वर्षांनी शास्त्र ठरला.

नावांची वाटणी मात्र विषम झाली. १८४८ साली महेशचंद्रांविरुद्धच्या एका डावात कोक्रेन यांनी चौथ्याच चालीस घोडा देऊन राजाच्या उंटापुढील प्यादे मारले. ती चाल आजही ‘कोक्रेन गँबिट’ म्हणून ओळखली जाते. महेशचंद्रांच्या बचावाला मात्र ग्रुनफेल्ड यांचे नाव मिळाले. तथापि त्यांच्या एकूण खेळाच्या वळणाला १८८४ पासून ‘इंडियन डिफेन्स’, म्हणजे भारतीय बचाव, असे संबोधलेले आढळते. किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन ही आज जगभर शिकवली जाणारी नावे त्याच कुळातील आहेत. व्यक्तीचे नाव मागे पडले. तिच्या देशाचे नाव पटावर कायम झाले.

आणि हे आपल्याला कळते ते कोक्रेन यांनी प्रतिस्पर्ध्याचे डाव निष्ठेने टिपून ठेवले आणि ते लंडनला छापून आले म्हणून. १८६९ साली ते मायदेशी परतले व १८७८ मध्ये निवर्तले. महेशचंद्रांपूर्वीच्या देशी बुद्धिबळपटूंचे असंख्य डाव ओसरीवर मांडले गेले आणि पट गुंडाळताच नाहीसे झाले. कारण त्यांच्या शेजारी लेखणी घेऊन कोणी बसले नव्हते. महेशचंद्रांना तो योग लाभला, तोही प्रतिस्पर्ध्याच्या हातून. म्हणूनच त्यांच्या चाली दीडशेहून अधिक वर्षांनीही जशाच्या तशा मांडून पाहता येतात. पराभवाची भीती न धरता नव्या नियमांना सामोरे जाणारी आणि जाताना आपले संस्कार बरोबर नेणारी ही बुद्धिमत्ता त्या चालींतून आजही प्रत्ययास येते.