‘मिस्सा’ या शब्दाचे मूळ

आमच्या सोलापुरात तेलुगू भाविक ‘दिव्यबलिपूजा’ म्हणतात, कानडी ‘बलिपूजे’ म्हणतात. मराठी माणसाच्या ओठी मात्र पोर्तुगीजांकरवी आलेला ‘मिस्सा’ हा लॅटिन शब्दच राहिला. त्याचे मूळ ‘मित्तेरे’, म्हणजे पाठविणे, या धातूत आहे. संस्कृतातील ‘कृत’, ‘श्रुत’ यांतला ‘त’ हा प्रत्यय लॅटिनमध्येही आहे. धातूच्या अंत्य ‘त्’ला तो भिडला की ‘स्स’ होतो. म्हणून मिस्सुस, मिस्सा, मिस्सुम : पाठविलेला, पाठविलेली, पाठविलेले.

उपासनेअखेरच्या ‘ईते, मिस्सा एस्त’ या वाक्याचा अर्थ मी कित्येक वर्षे ‘जा, तुम्हांस पाठविले आहे’ असा सांगत आलो. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्यास हे शोभत नाही! तसे म्हणायचे तर ‘मिस्सी एस्तिस’ असे अनेकवचन हवे. येथे रूप स्त्रीलिंगी एकवचनी आहे. मग पाठविली ती कोण? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी उत्तर दिले : देवाकडे पाठविलेली अर्पणवस्तू, ‘होस्तिया’. अर्थ सुंदर, पण मागाहून सुचलेला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये अशा धातुसाधितांची नामे बनत. ‘रेमिस्सा’ म्हणजे क्षमा, तशी ‘मिस्सा’ म्हणजे निरोप. ‘जा, हा निरोप आहे’, इतकेच ते वाक्य.

हा निरोप साऱ्या उपासनेचे नाव कधी झाला? ३८५ च्या सुमारास संत अंब्रोज यांनी बहिणीस लिहिलेल्या पत्रात ‘मिस्साम’ हे द्वितीयेचे रूप आहे. तेथे अर्थ निरोप की उपासना, यावर विद्वानांत मतभेद आहेत.

मी प्रवचनात चूक कबूल केली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “फादर, आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात.”