पेव, बाटली आणि वायुहीन बरणी

गेल्या वर्षी मे महिन्यात वाशीच्या आमच्या घरी भाच्याने एक लहानसा हातपंप आणला. काचेच्या बरणीवर रबरी कडेचे झाकण ठेवावयाचे, वर पंपाची टोपी बसवून आतली हवा खेचून घ्यावयाची. मग बाहेरच्या हवेचा दाबच झाकणाला घट्ट धरून ठेवतो. तूरडाळ, रवा, मसाला, सारे यापुढे असेच भरावे, असा त्याचा आग्रह. हवेपासून धान्य राखण्याची ही विद्या आपल्याकडे मुळीच नवी नाही, हे त्याला सांगताना आमच्याही काही गोष्टी नव्याने ध्यानात आल्या.

देशावर पूर्वी धान्य पेवात ठेवीत. उंच, कोरड्या जागी जमिनीत खोल खड्डा खणून कडेने कडबा लावीत आणि धान्य भरल्यावर तोंड मातीने लिंपून टाकीत. आत धान्याचे व किड्यांचे श्वसन चालूच राही. प्राणवायू सरत जाई, कर्बवायू साठे आणि अखेर किडे गुदमरत. माणूसही गुदमरे! म्हणून पेव उघडल्यावर आत उतरण्याची कोणी घाई करीत नसे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद अशाच पेवांत वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे पाण्याने निकामी झाली.

आमच्या किनाऱ्यावर पेव कोठले? चार हात खणले की पाणी लागते. येथे पेवाचे काम बाटलीने केले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये मराठ्यांनी ती घेतली. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आलेली मिरची मात्र कायमची राहिली. या किनाऱ्यावरील ज्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, त्याचा मसाला बाटलीच्याच नावाने ओळखला जातो. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या कडकडीत वाळवावयाच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजावयाचा, मग उखळ आणि मुसळ. मसाला कुटणाऱ्या बाया घरोघर फिरत; त्यांच्या मुसळांचा ठेका आमच्या कानांत अजून आहे. चाळलेला मसाला बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरीत व वर बूच मारीत.

यात शास्त्र पुरेपूर आहे. ठासल्यामुळे कणांमधली हवा निघून जाते, निमुळत्या गळ्यामुळे उरलेल्या हवेशी संबंध थोडाच येतो आणि तपकिरी काच उजेड अडवून मिरचीचा रंग राखते. बाटली पूर्ण निर्वात होते असे मात्र कोणी म्हणू नये.

फ्रान्समध्ये निकोला आपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे लावून त्या उकळल्या आणि १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँक मिळविले. अन्न नासते ते हवेमुळे, अशी त्याची समजूत. खरे अपराधी सूक्ष्म जंतू, हे पुढे अर्धशतकाने लुई पाश्चरने दाखविले. त्यांतले काही तर हवेवाचूनच वाढतात. म्हणून नुसती हवा काढलेल्या बरणीत ओले अन्न ठेवणे जिवावर बेतू शकते. पंप कोरड्या जिनसांपुरताच.

आणि कोरडे म्हणजे किती कोरडे? येथेच आम्ही फसलो. तुर्भ्याच्या मसाला बाजारातून मिरची आणली. (हा बाजार १९९० च्या दशकात मशीद बंदराकडून खाडीपलीकडे आला.) परंतु इमारतीची गच्ची कुलुपात, त्यामुळे मिरची खिडकीतल्या तासाभराच्या उन्हावरच वाळविली. मसाला गिरणीतून दळून आणला, पंप मारून बरण्या बंद केल्या. सप्टेंबरात झाकणे तशीच घट्ट होती. आत गठ्ठे झाले होते, त्यांवर पांढरी बुरशी. पंप हवा खेचतो, ओल खेचत नाही. आणि हातपंपाने सारी हवाही जात नाही.

आईच्या हातची एक अखेरची बाटली फळीवर होती. ती गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. ती बरणीत ओतून ठेवू या, असे भाचा म्हणाला, तेव्हा आम्ही पावसाळ्याची सबब सांगितली. खरे कारण दुसरेच होते. नाताळच्या आदल्या दिवशी, कोरड्या हवेत, बूच काढले. वरचा बोटभर थर फिकट पडला होता. त्याखाली रंग तसाच तांबडा, वास थोडा उतरलेला. अर्धा मसाला त्या दिवशीच्या मटणाला लागला. उरलेला भाच्याने लहान बरणीत भरला, पंप मारला आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवून आजीचे नाव लिहिले.