घाटाखालच्या कामगाराची तपासणी

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी उभी राहिली, की उतारूंचे लक्ष बटाटेवड्याकडे असते. त्याच वेळी, बोरघाट चढायचा म्हणून, पुष्कळ गाड्यांच्या शेपटाला मागून रेटणारी इंजिने जोडली जातात. हिरवा दिवा पडतो आणि गाडी पळसदरीकडे निघते. चालकाला तो दिवा खरोखरच हिरवा दिसला की नाही, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्याही मनात येत नाही. येण्याचे कारणही नाही, कारण ते कोणीतरी आधीच पाहून ठेवलेले असते. कामावरच्या माणसाचे शरीर कामाच्या निमित्ताने तपासायचे, ही आज सवयीची झालेली गोष्ट कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात कशी आली, हे थोडे सांगावयाचे आहे.

हा लोहमार्ग बांधला जात होता तेव्हा कोणीच कोणाला तपासत नव्हते. घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात संपले. पावणेसोळा मैलांची चढण, १८३१ फुटांची उंची, २५ बोगदे. १८६१ च्या सुमारास या डोंगरावर ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. डोंगराच्या उतारावर फांद्यापाचोळ्याची खोपटी, प्यायला मिळेल ते पाणी. पटकीची साथ आली, की माणसे पटापट मरत आणि उरलेली पळून जात. साथीने गोऱ्या साहेबालाही सोडले नाही. १८५९ साली नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. पुढचे काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने नेमलेल्या माणसांकरवी पुरे करून घेतले. त्याच वर्षी मजुरीवरून घाटात दंगल उसळली. मजुरांची तक्रार पैशाची होती. प्रकृतीची तक्रार करावी, असे काही असते, हे ना मजुराच्या डोक्यात होते, ना मुकादमाच्या.

घाट फुटल्यावर देशावरची माणसे गाडीने मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागली. कोकणातली तर आधीपासूनच जात होती. तिथे १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. आता मूल सात वर्षांचे आहे की पाचाचे, हे ठरवायचे कसे? जन्माची नोंद कोणाकडे असणार! मग डॉक्टराने मुलाकडे पाहून अंदाज सांगायचा. मूल आजारी आहे का, हा सवालच नव्हता. कायद्यात बसते का, एवढेच पाहायचे. आपल्याकडील कामगार-तपासणीची सुरुवात ही अशी आहे.

कामगारांनी स्वतः काय मागितले, तेही पाहू. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला सभा भरल्या, आणि सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या पुष्कळांना ठाऊक आहेत. त्यातच आणखी एक होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी. माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मूळ या मागणीत आहे. कामगाराच्या दुखण्याला जोवर किंमत नव्हती, तोवर ते दुखणे शोधण्याची मालकाला गरज नव्हती. किंमत पडली ती १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्यात अपघाताबरोबर शिशाच्या विषबाधेसारखे धंद्याचे रोगही आले.

रेल्वेत मात्र तपासणी निराळ्या वाटेने आली, आणि ती वाट सुरू होते स्वीडनमध्ये. १८७५ साली तिथे लागरलुंडा या ठिकाणी दोन गाड्यांची टक्कर झाली. चालकाला रंग ओळखता येत नसावा, असा संशय होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकांना आला. त्यांनी एका मार्गावरच्या २६६ नोकरांना रंगीत लोकरीच्या लड्या निवडायला लावल्या. १३ जणांना रंगांधळेपणा निघाला. त्या अपघाताचे कारण खरोखर तेच होते का, याविषयी पुढच्या संशोधकांनी शंका घेतली आहे. पण जगभर रेल्वेच्या नोकरांचे डोळे तपासले जाऊ लागले ते तेव्हापासून. लोकरीच्या जागी पुढे ठिपक्यांत आकडे दडवलेली इशिहारांची पाने आली, एवढाच फरक.

ही तपासणी उतारूंच्या जिवासाठी आहे. ती हवीच. पण चालकाच्या घरी तिची धास्ती असते. नजर अधू निघाली, की इंजिनावरून खाली उतरावे लागते, आणि इंजिनावर मिळणारा भत्ताही जातो. म्हणून तपासणीची तारीख जवळ आली, की डोळे चोळणारी, गाजरे खाणारी माणसे असतात. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या तपासणीत भाकरी जाण्याचा संभव आहे, तिथे माणूस दुखणे लपवणारच. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने सरकारी नोकरीपुरता यावर तोडगा काढला : नोकरीत असताना अपंगत्व आले तर काढून टाकायचे नाही, त्याच पगाराचे दुसरे काम द्यायचे. २०१६ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले. खाजगी कारखान्यातल्या माणसाला हा आधार नाही.

आणि खालापूर तालुका खाजगी कारखान्यांनी भरलेला आहे. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले. पुढे पोलादाचे, कागदाचे कारखाने आले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने रसायनीला कारखाना उभारला आणि त्या गावाचे नावच रसायनांवरून पडले. पाताळगंगेच्या काठी औद्योगिक वसाहत झाली. १९८४ साली भोपाळ घडले, आणि १९८७ साली कारखाने कायद्यात नवी कलमे घातली गेली. घातक द्रव्ये हाताळणाऱ्याला कामावर लावण्याआधी तपासावे. काम चालू असताना, आणि ते सोडल्यावरसुद्धा, बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासावे. आणि त्या नोंदी कामगाराला पाहता याव्यात.

यातला ‘आधी’ हा शब्द फार मोलाचा आहे. कीटकनाशकांच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. त्यांतली काही औषधे रक्तातल्या कोलिनएस्टरेज नावाच्या द्रव्याची ताकद मारतात. पण हे द्रव्य निरोगी माणसांतही कमीजास्त असते. तेव्हा त्याचे पहिल्या दिवसाचे माप लिहिलेले नसेल, तर आजचा आकडा घटलेला आहे की मुळातच तेवढा होता, हे डॉक्टराला समजणार कसे? कानाचेही तसेच. यंत्राच्या गोंगाटात दिवसभर उभा राहिलेला माणूस पाळी संपल्यावर तपासला, तर थकलेल्या कानाचे माप मिळते; ते विश्रांतीनंतरच घ्यावे लागते. आणि ‘नंतर’ या शब्दाचे मोल ओतशाळेतल्या कामगाराला विचारावे. वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसावर पडणारी छाया कधी कधी काम सोडल्यावर कित्येक वर्षांनी दिसते. तिच्यावर औषध नाही.

हल्ली कारखान्यांतून आरोग्यशिबिरे भरतात. साखर, रक्तदाब, वजन पाहतात, चार व्यायाम सांगतात. ते चांगलेच आहे. कितीजणांना आपली साखर वाढल्याचे तिथेच प्रथम कळते. पण वाफेशेजारी उभ्या असणाऱ्याला तेल कमी खा म्हणून सांगायचे आणि वाफेचे नाव काढायचे नाही, ही अर्धी तपासणी झाली. शिवाय कागद कोणाच्या हाती जातो, हेही पाहिले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत वर्षातून एकदा मालकाच्या खर्चाने तपासणी सांगितली आहे. चाळिशीपुढच्या कामगारांना ती मिळेल, असे सरकारने जाहीर केले. दरवर्षी नव्या कंत्राटदाराच्या हजेरीवर जाणाऱ्या मजुराच्या बाबतीत मात्र गेल्या सालचा आकडा कोणत्या दप्तरात शोधायचा?

आणि दप्तरच नाही, असेही लोक इथे आहेत. दिवाळी झाली, की कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. नवरा-बायको मिळून चिखल तुडवतात, विटा पाडतात, डोक्यावरून वाहतात. धूर आणि राख घरातल्या सर्वांच्याच वाट्याला. पावसाच्या तोंडाशी ती परततात. वाडीवरच्या अंगणवाडीत मुलांचे वजन महिन्याच्या महिन्याला लिहिले जाते. त्या वहीत या घरच्या पोराच्या नावापुढे कार्तिकापासून वैशाखापर्यंतची घरे रिकामी राहतात.