निवृत्तीची तारीख आणि राजकारणाचं पंचांग

(मांजरी, पुणे इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो. वय झालेल्या न्यायमूर्तींनी राजकारणाचा अंदाज घेऊन निवृत्त व्हावं का? म्हणजे आपल्या विचारांचं सरकार असतानाच खुर्ची रिकामी करावी, म्हणजे त्या जागी आपल्यासारखाच माणूस येईल, असा हिशेब न्यायमूर्तींनी करावा का?

हा प्रश्न अमेरिकेत उघडपणे विचारला जातो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात निवृत्तीचं वय नाही. रूथ बेडर गिन्सबर्ग यांना ओबामांच्या काळात अनेकांनी सुचवलं होतं, की आता थांबा. त्या थांबल्या नाहीत. १८ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. निवडणुकीला जेमतेम आठवडा उरला असताना ट्रम्प यांनी निवडलेल्या एमी कोनी बॅरेट त्यांच्या जागी आल्या. दोन वर्षांनी त्याच न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा जुना निकाल फिरवला. त्याच वर्षी ८३ वर्षांचे स्टीफन ब्रायर बायडन यांच्या कारकिर्दीत निवृत्त झाले, तेव्हा 'यांनी धडा घेतला' असं लोक म्हणाले.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही, असं वाटेल. कारण आपली तारीख ठरलेली आहे. इंग्रजी अमलात १८६१ च्या कायद्यानुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश राणीच्या मर्जीवर पदावर असे. १९३५ च्या कायद्याने साठ वर्षांची रेघ ओढली. राज्यघटनेनं उच्च न्यायालयासाठी तीच साठीची रेघ ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयासाठी पासष्टची. १९६३ मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने उच्च न्यायालयाचं वय बासष्ट झालं. आजही तेच आहे. ते पासष्ट करण्याचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत आलं आणि मंजूर न होताच बारगळलं.

पण तारीख ठरलेली असली म्हणजे राजकारण संपलं, असं होत नाही. ते दुसऱ्या दारानं येतं. हे समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसलेली, पुणे जिल्ह्याशी नातं असलेली दोन माणसं घेऊ. एक तारखेच्या आधी उठले. दुसरे शेवटच्या दिवसापर्यंत बसून राहिले.

पहिले वि. म. तारकुंडे. मांजरीहून हडपसरला यायचं, दिवे घाट चढायचा, की सासवड. तिथे १९०९ मध्ये त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात होते, म्हणजे सरळ राजकारणातला माणूस. १९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९६९ मध्ये, बासष्ट पूर्ण व्हायला अजून अवकाश असताना, त्यांनी पद सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९५६ च्या घटनादुरुस्तीमुळे निवृत्त न्यायाधीशाला तेवढी मुभा होती. पुढे जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' आणि नागरी हक्कांची चळवळ त्यांनी उभी केली. निवडणूक सुधारणांवरची तारकुंडे समिती हीच.

दुसरे यशवंत विष्णू चंद्रचूड. घराणं खेड तालुक्यातल्या कनेरसरचं, जन्म पुण्यातला, १२ जुलै १९२० चा. १९६१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून जास्त ते सरन्यायाधीश होते. इतका काळ त्या पदावर आजवर दुसरं कुणी राहिलेलं नाही. ११ जुलै १९८५ ला ते निवृत्त झाले. आदल्याच दिवशी मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा, ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल त्यांच्या न्यायपीठानं दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे.

आता या दोघांच्या मधला काळ पाहू. कारण आपल्याकडे न्यायमूर्तींच्या वयाचं राजकारण जर कुठे उघडं पडलं असेल, तर ते तिथे.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. सात विरुद्ध सहा. संसदेला घटना बदलता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सरकारने सरन्यायाधीश नेमला. ज्येष्ठतेनं पहिले होते शेलाट, मग हेगडे, मग ग्रोव्हर. तिघेही सरकारच्या विरोधात गेलेल्या सातांपैकी. त्यांना डावलून चौथे अजितनाथ राय नेमले गेले. मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत सरकारची बाजू मांडली, की न्यायाधीशाची विचारसरणीही पाहावी लागते. तिघांनी राजीनामे दिले.

इथे वयाचं गणित मांडा. शेलाट जुलै १९७३ मध्ये निवृत्त होणार होते, म्हणजे तीन महिनेच उरले होते. हेगडे जून १९७४ मध्ये. आणि ग्रोव्हर फेब्रुवारी १९७७ मध्ये. ज्येष्ठतेचा क्रम पाळला असता, तर आणीबाणीचा जवळपास सगळा काळ ग्रोव्हर सरन्यायाधीश राहिले असते. आणीबाणी येणार हे १९७३ मध्ये कुणाला माहीत नव्हतं. पण कोण किती दिवस त्या खुर्चीवर बसेल, हे मात्र यादी आणि जन्मतारखा समोर ठेवून कुणालाही मोजता येत होतं. तारीख ठरलेली असण्याची हीच दुसरी बाजू. न्यायाधीशाला ती लांबवता येत नाही, आणि सरकारला ती आधीच दिसते.

मग २८ एप्रिल १९७६ उजाडला. मिसाखाली डांबलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न होता. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी 'येईल' असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघांनी 'नाही' म्हटलं. त्या चौघांत चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात राहिले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. त्यांना डावलून बेग नेमले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

१९७६ मध्येच उच्च न्यायालयांतल्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मुंबईत उ. रा. लळित अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत अटक झालेल्यांना त्यांनी जामीन दिला होता. त्यांना कायम केलं गेलं नाही. पुढे त्यांचे चिरंजीव सरन्यायाधीश झाले. म्हणजे निवृत्तीचं वय न बदलताही सरकारला माणूस उठवता येतो. बदली करून, कायम न करून, ज्येष्ठता डावलून.

१९७८ मध्ये बेग निवृत्त झाले. आता सरकार जनता पक्षाचं. पाळी चंद्रचूडांची. मुंबईतल्या काही नामवंत कायदेपंडितांनी जोरात मागणी केली, की मिसाच्या निकालात सही करणाऱ्याला सरन्यायाधीश करू नका. यात आपला आजचा प्रश्न उलटा होऊन समोर आला. आधीच्या सरकारने विचारसरणी पाहून डावललं, ते चूक होतं. मग निकाल पाहून डावलणं हे बरोबर कसं? लोकांचा राग खरा होता. तुरुंगात गेलेली माणसं आता मंत्री होती. तरीही मोरारजींच्या सरकारने ज्येष्ठता पाळली. ज्याचा निकाल तुमच्याविरुद्ध गेला, त्यालाच नेमायचं, हे सोपं नव्हतं.

आणि पुढे काय झालं? १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात चंद्रचूडांनीच बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतली महत्त्वाची कलमं रद्द ठरवली. १९७३ मध्ये ज्या तत्त्वाला त्यांनी पाठिंबा दिला नव्हता, त्याच मूलभूत चौकटीच्या आधारावर. १९७८ मध्ये कुणी पैज लावली असती, तर हरलाच असता.

राजकीय हिशेबानं निवृत्त होण्याच्या कल्पनेतला पहिला कच्चा दुवा हाच. आपल्यामागून येणारा माणूस कसा वागेल हे आपल्याला कळतं, असं ती गृहीत धरते. मुंबई उच्च न्यायालयाचा इतिहास सांगतो, की कळत नाही. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दिनशा दावर होते. जामीन दिला न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी, जे दहा वर्षांपूर्वी काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९०८ मध्ये टिळक पुन्हा त्याच न्यायालयात उभे राहिले. समोर न्यायमूर्ती म्हणून दावरच. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षा सुनावली. कालच्या वकिलाचा उद्याचा निकाल कोण सांगणार?

दुसरा दुवा लवकर उठण्याचा. न्या. मो. क. छागला १९४७ पासून मुंबईचे मुख्य न्यायाधीश. मुंध्रा प्रकरणाची चौकशी त्यांनी खुली केली आणि केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. म्हणजे सरकारला घाबरणारा हा माणूस नव्हे. तरी १९५८ मध्ये ते पद सोडून अमेरिकेत राजदूत झाले, पुढे केंद्रीय मंत्री. योगायोग असा, की निवृत्तीनंतर न्यायाधीशांनी सरकारी पदं घेऊ नयेत, असं म्हणणारा विधी आयोगाचा अहवाल त्याच वर्षीचा, आणि छागला त्या आयोगाचे सदस्य! त्यांच्या सचोटीवर आमचा आक्षेप नाही. १९६७ मध्ये भाषेच्या धोरणावरून त्यांनी मंत्रिपदही सोडलं. पण वाट एकदा पडली की मागून येणारा प्रत्येक जण छागला नसतो. बहरुल इस्लाम यांनी जानेवारी १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालय सोडलं ते काँग्रेसची उमेदवारी घेण्यासाठी. मार्च २०२४ मध्ये अभिजित गंगोपाध्याय कलकत्ता उच्च न्यायालयातून उठले आणि त्याच आठवड्यात भाजपमध्ये गेले. अशा वेळी लोक त्यांचे जुने निकाल पुन्हा वाचतात, आणि वेगळ्या डोळ्यांनी वाचतात. नुकसान त्या न्यायाधीशाचं नसतं. ज्या पक्षकाराचा खटला त्यांच्यासमोर चालला होता, त्याचं असतं. आपल्याला न्याय मिळाला की राजकारण मिळालं, हे त्याला आता कधीच कळणार नाही.

तारकुंडेही लवकर उठले, आणि राजकीय चळवळीत गेले. मग फरक काय? फरक एवढाच, की त्यांनी राजदूतपद घेतलं नाही की मंत्रिपद. ते सत्तेच्या समोरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आमच्या मते कसोटी इथे आहे. उठल्यावर न्यायाधीशाला काय मिळालं, हे बघा. आणि ते कुणी दिलं, हेही बघा.

मग न्यायाधीशानं तत्त्वासाठी राजीनामा देऊच नये का? द्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर खंडपीठातले न्या. रोहित देव यांनी भर न्यायालयात राजीनामा जाहीर केला. स्वाभिमानाशी तडजोड करून काम करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षांहून जास्त काळ बाकी होता. अशा राजीनाम्यात पुढचा माणूस कोण येईल याचा हिशेब नसतो.

तरी राजीनाम्याची एक किंमत असते, ती न्यायालयाला मोजावी लागते. १९७३ च्या तिघांना आम्ही दोष देत नाही. अपमान सहन करून, कनिष्ठाच्या हाताखाली बसा, असं म्हणणं व्याख्यानात सोपं असतं. पण ग्रोव्हर राहिले असते, तर एप्रिल १९७६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात असते. त्या न्यायपीठावर त्यांना घेतलं असतं की नाही, ते सांगता येत नाही. खन्ना मात्र होते. ते आधी थांबले, एकटे पडून निकाल लिहिला, आणि किंमत चुकवायची वेळ आली तेव्हा गेले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आणि चंद्रचूड? सरन्यायाधीश झाल्यावर, १९७८ मध्येच, त्यांनी जाहीर भाषणात खंत बोलून दाखवली, की मिसाच्या खटल्याच्या वेळी कायदा असा आहे असं लोकांना सांगून पद सोडण्याचं धैर्य आपल्याला झालं नाही. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल अखेर मोडीत निघाला, आणि तो मोडीत काढणारं निकालपत्र त्यांच्याच मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. त्याला एक्केचाळीस वर्षं लागली.

तेव्हा आपलं उत्तर काय? वयाची रेघ सगळ्यांसाठी सारखी असावी आणि ती कुणा एकासाठी पुढेमागे होऊ नये. उठल्यावर काही वर्षं सरकारी पद किंवा पक्षाचं तिकीट मिळू नये. आणि न्यायाधीशाने 'माझ्यामागून कोण येईल' हा हिशेब करू नये. तो हिशेब चुकतोच, आणि बरोबर आला तरी खुर्चीची विभागणी आमची-तुमची अशी होते. अमेरिकेत आज ती झालेली आहे.

न्यायाधीशाच्या हातात खरं तर एकच तारीख असते, ज्या दिवशी खटला समोर असतो ती. १९७६ मध्ये पाच जणांच्या हातात ती होती, आणि एकाने वापरली.