श्वास आणि वितर्क

डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसले, की पहिले दोन-चार श्वास बरे जातात. पाचव्याला घरातले राहिलेले काम आठवते, सहाव्याला कुणाचे तरी बोचरे बोलणे. मग माणूस स्वतःवरच चिडतो आणि 'हे काही आपल्याच्याने व्हायचे नाही' म्हणून उठतो. ध्यान म्हणजे मनात एकही विचार येऊ न देणे, अशी आपली समजूत असते ना, तिचाच हा परिणाम. बौद्धांचे जुने ग्रंथ उघडून पाहिले, तर मात्र निराळेच काही आढळते.

पाली भाषेत विचाराला 'वितक्क', म्हणजे वितर्क, असा शब्द आहे. 'उदान' या ग्रंथात मेघिय नावाच्या भिक्षूची हकीकत येते. हा मेघिय तेव्हा बुद्धांच्या सेवेत होता. किमिकाळा नदीच्या काठची एक आमराई त्याच्या मनात भरली. येथे ध्यानाला बसावे, असे त्याने ठरवले. मी एकटाच आहे, दुसरा कोणी भिक्षू येईपर्यंत थांब, असे बुद्धांनी सुचवले. पण मेघियाने तीनदा विचारले आणि अखेर तो गेलाच. जागा सुंदर, एकांत पुरेपूर. आणि झाले काय? कामाचे, द्वेषाचे आणि हिंसेचे वितर्क त्याच्या मनात दाटून आले. संध्याकाळी तो परत आला.

बुद्धांनी त्याला प्रथम चांगल्या मित्राची संगत, शील अशा पाच गोष्टींचे महत्त्व सांगितले. मग चार उपाय दिले : कामवासनेवर अशुभभावना, द्वेषावर मैत्री, वितर्क तोडायला आनापानस्मृती म्हणजे श्वासाचे भान, आणि 'मी'पणा उखडायला अनित्याची जाणीव. यातली खोच लक्षात घ्या. विचार थांबले म्हणजे मग श्वासाकडे वळायचे, असे येथे नाही. विचारांनी घेरले म्हणूनच श्वास धरायचा.

आता श्वास धरूनही एखादा विचार हटत नसेल तर? मज्झिमनिकायातल्या वितक्कसंठान सुत्तात श्वासाचा विषय नाही. पण अशा हट्टी विचारांवर पाच उपाय आहेत, आणि ते क्रमाने आहेत. पहिला, वाईट विचाराच्या जागी चांगला आणणे. सुतार जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून काढतो, तसे. दुसरा, त्या विचाराचे दुष्परिणाम पाहणे. नटूनथटून निघालेल्या तरुणाच्या गळ्यात मेलेला साप अडकवला तर त्याला जशी किळस येईल, तशी येऊ देणे. तिसरा, नको ते दृश्य दिसताच आपण तोंड फिरवतो, तसे दुर्लक्ष करणे. चौथा, विचाराचा वेग उतरवणे. भरभर चालणारा माणूस 'मी धावतो कशाला?' म्हणून हळू चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, शेवटी आडवा होतो. आणि पाचवा, दात आवळून, जीभ टाळूला लावून, बळकट माणसाने दुबळ्याला दाबून धरावे तसे मनाला मनानेच दाबणे.

या पाचव्या उपायाशी जरा थांबायला हवे. कारण त्याच निकायातल्या महासच्चक सुत्तात बुद्ध आपल्या तपश्चर्येचे दिवस सांगताना हाच प्रकार वर्णितात. दात आवळून मन दाबले, तेव्हा काखेतून घामाच्या धारा लागल्या, शरीर शांत झाले नाही, असे ते म्हणतात. मग जो मार्ग त्यांनी स्वतः सोडला, तो या यादीत कसा? मला वाटते, उत्तर क्रमातच आहे. चार उपाय थकल्यावरचा हा शेवटचा. आपण मात्र बहुधा यापासूनच सुरुवात करतो, आणि दमतो!

इसवी सनाच्या ५व्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषाचार्यांनी 'विशुद्धिमार्ग' लिहिला. त्यांनी नवशिक्याला श्वास मोजायला सांगितले. मोज पाचाच्या आत थांबवू नये, दहाच्या पुढे नेऊ नये. का? तर पाचाच्या आत मन अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखे तडफडते. दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यालाच चिकटते. आधी मापाऱ्याने धान्य मोजावे तसे सावकाश मोजावे. आपल्याकडचा मापारी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो आणि ते रिते होईपर्यंत 'लाभ, लाभ' घोळवतो, ते ज्यांनी ऐकले असेल त्यांना हे चटकन समजेल. याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी संपादली. ती १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली.

२०व्या शतकात ब्रह्मदेशात महासी सयाडो यांनी आणखी एका जुन्या धाग्यावर भर दिला. सतिपट्ठान सुत्तात चित्त सराग असेल तर सराग, विखुरलेले असेल तर विखुरलेले म्हणून ओळखा, असे आहे. त्याला धरून त्यांनी विचार आला की त्याची मनात नुसती नोंद करायला शिकवले. भांडण नाही, पाठलाग नाही.

बुद्धांनी द्वेधावितक्क सुत्तात गुराख्याचा एक दाखला दिला आहे. शेतात पीक उभे असते तेव्हा गुराखी काठी घेऊन गुरांना आवरतो, कारण गुरे शिरली तर दंड त्यालाच. पण उन्हाळ्याच्या शेवटी पीक गावात आले, की तो झाडाखाली बसतो. गुरे तिथे आहेत, एवढे भान ठेवले की पुरे. उद्या श्वासाकडे लक्ष देऊन बसाल आणि विचार येतील, तेव्हा आधी एवढेच पाहा : शेतात पीक उभे आहे का? द्वेषाचा विचार असेल तर काठी उचला. बाजाराची आठवण असेल, तर तिला चरू द्या आणि पुढचा श्वास मोजा.