सराई, हवेली आणि हॉटेल : अहमदाबादच्या जुन्या शहरातील मुक्काम

मुंबई प्रांतातील १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे पूर्ण नाव आज फारसे कोणाच्या स्मरणात नसावे. 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम' असे ते लांबलचक नाव होते. घरमालकाने भाडेकरूकडून किती भाडे घ्यावे हे जसे या कायद्याने ठरविले, तसेच हॉटेलवाल्याने प्रवाशाकडून खोलीचे किती पैसे घ्यावेत यावरही त्याने शासनाची नजर ठेवली. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात राहते घर आणि प्रवाशाची खोली या दोन्ही गोष्टी कायदेकर्त्यांना एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटल्या होत्या. महाराष्ट्रात हा कायदा २००० साली नव्या भाडे नियंत्रण कायद्याने निकालात निघाला. मात्र १९६० मध्ये प्रांताचे विभाजन झाले तेव्हा गुजरातच्या वाट्यालाही तो आला होता, आणि त्याच्या खुणा अहमदाबादच्या तटबंदीच्या आतील शहरात अद्याप दिसतात.

याच जुन्या शहरात, खाडिया भागातील एका हवेलीवजा हॉटेलात मी अलीकडे तीन रात्री मुक्काम केला. गेल्या काही वर्षांत या भागाला नवे दिवस आले आहेत. कोरीव लाकडी खांब, मधला उघडा चौक, झुलत्या हिंडोळ्याचा दिवाणखाना आणि चार-सहा खोल्या एवढ्याच भांडवलावर चालणारी देखणी छोटी हॉटेले येथे उभी राहिली. सिदी सय्यदच्या प्रसिद्ध जाळीसमोरचा, १९२४ साली गिरणीमालक मंगलदास गिरधरदास यांनी बांधलेला वाडा यापैकी सर्वांत नावाजलेला. परदेशी प्रवासी येतात, बंगळूर-मुंबईची तरुण मंडळी येतात, छायाचित्रे काढतात. मला मात्र त्या खोलीत पडल्या पडल्या एक प्रश्न सतावत राहिला. या शहराने आजवर परक्या माणसाला कोठे उतरविले, आणि तो निर्णय कोणाच्या हातात होता?

इ. स. १४११ मध्ये सुलतान अहमदशाहने हे नगर वसविले. त्यानंतर दोन शतकांनी, १६३७ मध्ये, मोगल सुभेदार आझमखानाने भद्रच्या किल्ल्यालगत एक भव्य सराई बांधली. सुभेदाराने आपल्या नावाने सराई बांधणे हा त्या काळच्या राज्यकारभाराचाच भाग होता. व्यापारी सुरक्षित उतरला तर माल येतो, माल आला तर जकात मिळते, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. दरवाजा रात्री बंद होई, त्यामुळे प्रवाशाला संरक्षण मिळे आणि राज्यकर्त्याला शहरात कोण आले आहे याची माहिती मिळे. निवारा आणि नजर या दोन्ही गोष्टी सराईत एकत्र नांदत.

मराठी वाचकाला येथे आपलेही पाऊल दिसेल. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मध्ये ते हातचे गेले, १७५८ मध्ये पुन्हा मिळाले. त्यानंतर १८१७ पर्यंत, अल्पकालीन खंड सोडता, या एकाच शहरावर पेशवे आणि गायकवाड अशा दोघांचा अंमल होता. पेशव्यांचा सुभेदार भद्रमध्ये, तर गायकवाडांचा कारभारी जमालपूरच्या बाजूच्या हवेलीत. एकाच शहरात दोन वसुल्या म्हणजे काय, हे प्रशासनात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पेशव्यांचा सुभेदार आबा शेलूकर याच्या जाचक वसुलीची आठवण गुजरातेत दीर्घकाळ राहिली. १८०० मध्ये गायकवाडांनी त्याला कैद केले, आणि पेशव्यांचा हिस्सा गायकवाडांकडेच इजाऱ्याने गेला. याच इजाऱ्याच्या आणि हिशेबाच्या बोलणीसाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास गेले, आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. अहमदाबादच्या वसुलीचा वाद पेशवाईच्या अखेरीस अशा रीतीने कारण झाला. आझमखानाच्या सराईतील एका दालनात आज भद्रकालीचे मंदिर आहे. त्याची स्थापना मराठ्यांच्या काळातील मानली जाते. गायकवाडांच्या हवेलीत पुढे पोलिसांची कार्यालये आली, आणि इंग्रजी अमलात सराईचा तुरुंग झाला. शहर तेच, इमारती त्याच, परंतु कोणाला आत ठेवायचे हे ठरविणारा बदलत गेला.

राज्यकर्ते बदलत असताना शहराचा खरा दैनंदिन कारभार मात्र पोळांमध्ये चालत होता. मराठी वाचकाने हा शब्द आपल्या पोळीशी किंवा बैलपोळ्याशी जोडू नये. 'प्रतोली' म्हणजे वेस या संस्कृत शब्दापासून 'पोळ' हा शब्द आल्याचे मानतात. एकच दरवाजा असलेली, बहुधा एका जातीच्या किंवा एका धंद्याच्या कुटुंबांची बंदिस्त वस्ती म्हणजे पोळ. तिला आपला पंच असे, आपला निधी असे. घर विकायचे झाल्यास ते प्रथम पोळेतल्या लोकांना देऊ करावे लागे, विक्रीच्या किमतीचा काही अंश पोळेच्या निधीत जाई, आणि लग्नकार्यात सर्व पोळेला जेवण घालावे लागे. घराखाली पावसाचे पाणी साठविण्याचे 'टांके' असे. दरवाजा, राखणदार, पाणी, वसुली आणि मालमत्तेचे नियम, असे सर्व घटक पाहता पोळ म्हणजे एक लहानशी नगरपालिकाच होती. परका माणूस या रचनेत बसत नसे. तो धर्मशाळेत उतरे, किंवा एखाद्या घरचा पाहुणा म्हणून येई.

इंग्रजी अमलात या छोट्या नगरपालिकांवर मोठी नगरपालिका आली. तिचे बीज मोठे रंजक आहे. पडझड झालेला तट दुरुस्त करण्यासाठी १८३० च्या दशकात तूप आदी मालावर कर बसवून एक निधी उभारण्यात आला. तटाचे काम झाल्यावर उरलेल्या पैशातून शहराची इतर कामे होऊ लागली. १८५८ मध्ये नगरपालिका रीतसर अस्तित्वात आली. पहिली कापडगिरणी काढणारे रणछोडलाल छोटालाल पुढे तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. नळाचे पाणी आणि भुयारी गटारे आणण्यासाठी त्यांनी जो विरोध सोसला, तो आजच्या कोणत्याही आयुक्ताला ओळखीचा वाटेल. घरोघरी टांके असताना नळ कशाला, आणि कर कशाला, असा त्या विरोधाचा आशय होता. १९२४ ते १९२८ वल्लभभाई पटेल, आणि पुढे १९३० च्या दशकात लोकसभेचे भावी पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. गुजरातेत ज्यांना 'दक्षिणी' म्हणत, त्या मराठी कुटुंबांपैकीच मावळंकरांचे घराणे.

याच काळात प्रवाशांविषयीचा कायदाही आला. १८६७ च्या सराई अधिनियमानुसार प्रत्येक सराईची नोंद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करणे, खोल्या, विहिरी व गटारे स्वच्छ ठेवणे, पहारेकरी नेमणे ही सराईवाल्याची कर्तव्ये ठरली. आझमखानाच्या सराईचेच तत्त्व कागदावर आले, इतकेच. माझ्या हॉटेलातील तरुण व्यवस्थापकाने ओळखपत्राची प्रत मागितली तेव्हा त्याला हा इतिहास सांगण्याचा मोह मी आवरला.

मग पोळा ओस का पडू लागल्या? साबरमतीवरचा १८७० च्या सुमारास बांधलेला लाकडी पूल १८७५ च्या पुरात गेला आणि १८९२ मध्ये लोखंडी एलिस पूल उभा राहिला. पश्चिम तीर मोकळा झाला. सधन कुटुंबे हळूहळू तिकडे गेली, मागे भाडेकरू राहिले. १९४७ च्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधल्यामुळे भाडेकरूला आधार मिळाला, परंतु मालकाला कौले परतण्याइतकेही उत्पन्न राहिले नाही. पुढे दंगलींच्या सावटाखाली लोक पडेल भावाने घरे विकू लागले. ते रोखण्यासाठी गुजरातने 'अशांत क्षेत्र' कायदा केला. १९९१ च्या कायद्यानुसार अधिसूचित भागातील मालमत्तेच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. विक्री स्वेच्छेने व रास्त किमतीत होत आहे ना, हे त्याने तपासायचे. पूर्वी पोळेचा पंच जो अधिकार वापरीत असे, तो आता जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर आला. हेतू संरक्षणाचा, पण परिणामी हिंदू आणि मुसलमान वस्त्यांमधील रेषा अधिकच ठळक झाल्याची टीकाही या कायद्यावर होत आली आहे.

या पार्श्वभूमीवर महापालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष स्थापन केला, १९९७ मध्ये कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची वारसा पदयात्रा सुरू केली, आणि जुलै २०१७ मध्ये अहमदाबाद हे युनेस्कोच्या यादीत जाणारे भारतातील पहिले शहर ठरले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत १९५० पूर्वीच्या हवेलीला 'हेरिटेज' हॉटेलचा दर्जा मिळू शकतो. त्यामुळे मोडकळीस आलेल्या घराला विकण्या-पाडण्याखेरीज तिसरी वाट मिळाली. मी उतरलो ती हवेली या वाटेनेच वाचली, हे मान्य केले पाहिजे.

तथापि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध बाईंशी बोलणे झाले. मी म्हटले, "बेन, हॉटेल झाल्याने त्रास होतो का?" त्या गुजरातीत म्हणाल्या, "नाही साहेब, दिवे असतात, बरे वाटते. पण पाहुणे रोज येतात, शेजारी एकही येत नाही."

या एका वाक्यात वारसा धोरणाचे मर्म आले आहे, असे मला वाटते. आपण खांब मोजतो, घरांची श्रेणी लावतो, खोल्यांची संख्या नोंदवितो. पण पोळ ही लाकूड आणि विटा यांची नव्हे, तर परस्परांच्या बंधनांची रचना होती. घर विकताना शेजाऱ्याला विचारणे, टांके राखणे, दरवाजा बंद करणे हाच तिचा कारभार. हॉटेलचा प्रवासी यातले काहीच करीत नाही, आणि त्याने करावे अशी अपेक्षाही नाही. म्हणून जुन्या शहराच्या यशाचे मोजमाप करताना किती हवेल्यांची हॉटेले झाली यापेक्षा किती घरांत चूल पेटती राहिली, हा आकडा महापालिकेने दरवर्षी प्रसिद्ध करावा. दुरुस्तीचे अनुदान हॉटेलवाल्याच्या आधी राहत्या मालकाला आणि भाडेकरूला मिळावे. हस्तांतरणाच्या अर्जाचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा, आणि खरेदीदाराच्या नावावरून नव्हे, व्यवहाराच्या रास्तपणावरूनच व्हावा.

१९४७ च्या कायद्यात अनेक दोष होते. परंतु राहते घर आणि प्रवाशाची खोली यांचा विचार एकत्र केला पाहिजे, ही त्याची मूळ दृष्टी चुकीची नव्हती. आज दोन्ही विषय दोन वेगळ्या विभागांच्या दोन वेगळ्या फायलींत आहेत. जुन्या शहरांसाठी तरी त्या फायली एकाच टेबलावर याव्यात.