तळटिपेत राहिलेल्या लेखिका

बागेवर, फुलाफळांवर लिहिणाऱ्या बायकांची नावे सांगा असे कुणी विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकजण गप्प बसतील. यात आपला फारसा दोष नाही. ही नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठावरून हळूहळू तळटिपेत गेली आणि तळटीप कोण वाचतो? आज अशा एका बाईची ओळख करून द्यायची आहे, आणि तिच्या निमित्ताने आणखी दोघीतिघींची. कर्जत-खालापूरच्या वाचकांना ती सांगायला विशेष कारण आहे.

त्या काळी मुंबईहून कारल्याची लेणी पाहायला जायचे म्हणजे मचव्याने पनवेल गाठायचे आणि पुढे पालखीने किंवा घोड्यावरून चौक, खोपोली करीत बोरघाट चढायचा. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. घाट चढण्यापूर्वी वाटसरू तिथे टेकत. १८०९ साली मुंबईत उतरलेली एक चोवीस वर्षांची इंग्रज बाई आपल्या मुक्कामात कारल्याला जाऊन आली. तिचे नाव मारिया ग्रॅहॅम. वडील आरमारातले, मुंबईच्या गोदीत नोकरीवर आले होते, नवराही आरमारातलाच. या बाईने इथल्या दोनेक वर्षांची रोजनिशी १८१२ साली पुस्तकरूपाने छापली.

इंग्रज प्रवासी तेव्हा लिहीत ते बहुधा लढायांवर, तहांवर आणि व्यापारावर. या बाईने काय लिहिले? तिने माझगावच्या आंब्याबद्दल लिहिले. हा आंबा तिने खाल्लेल्या फळांत सर्वांत उत्तम, असे तिचे मत. ज्या मूळ झाडापासून सगळी कलमे झाली, त्या झाडाला फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असतो, अशी नोंद तिने केली. आणि शहाजहानच्या काळात हा आंबा दिल्लीला ताजा पोचावा म्हणून वाटेवर जासूद ठेवलेले असत, हेही टिपून ठेवले. यातली शहाजहानची गोष्ट ऐकीव असेल, पण मूळ झाड आणि कलम यांचा संबंध तिने बरोबर हेरला होता. आपल्याकडे बागायतदार आजही कलमाच्या आईची चौकशी करतोच ना!

पुढची गंमत पाहा. १८१७ साली टॉमस मूर या कवीचे ‘लाला रुख’ हे काव्य निघाले आणि विलायतेत खूप गाजले. त्यात माझगावच्या आंब्याचा उल्लेख आहे, आणि आधार म्हणून खाली टीप आहे ती मिसेस ग्रॅहॅम यांच्या रोजनिशीची. मूर यांनी प्रामाणिकपणे नाव दिले, हे मान्य केले पाहिजे. पण काव्य लोकांच्या तोंडी राहिले आणि बाई टिपेत राहिली.

पुढे ती दक्षिण अमेरिकेला निघाली. वाटेत, १८२२ साली, नवरा जहाजावरच वारला. परक्या देशात एकटी पडली असतानाही चिलीमध्ये तिने झाडपाला गोळा केला, त्याला गावची माणसे काय म्हणतात आणि कशासाठी वापरतात हे लिहून ठेवले. ब्राझिलमधून तिने वाळवलेली झाडे हूकर या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पाठवली. तिचे नमुने क्यूच्या संग्रहात आहेत. त्याच १८२२ च्या नोव्हेंबरात चिलीत मोठा भूकंप झाला आणि किनाऱ्याची जमीन उचलली गेली, असे तिने डोळ्यांनी पाहून लिहिले. लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या अध्यक्षांनी १८३४ साली जाहीरपणे त्यावर अविश्वास दाखवला. बाईने छापील उत्तर दिले. दुसऱ्याच वर्षी डार्विनने चिलीत भूकंपाने जमीन उचललेली स्वतः पाहिली! त्या मंडळाने स्त्रियांना सभासद करून घेतले ते मात्र १९१९ साली.

आजारपणाने ती अखेरची वर्षे अंथरुणाला खिळली. त्या स्थितीत तिने बायबलात येणाऱ्या वनस्पतींवर एक ग्रंथ लिहिला, चित्रेही स्वतःच काढली. तो १८४२ साली निघाला आणि त्याच वर्षी ती गेली.

त्याच सुमारास, १८४० मध्ये, जेन लाउडन या बाईने खास स्त्रियांसाठी बागकामाचे पुस्तक लिहिले. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज होते. घर चालवायला लेखणी उचलली होती. आपल्या मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराची पत्नी लेडी फॉकलंड हिचे दोन भागांतले पुस्तक आले १८५७ साली. दापोडीच्या सरकारी बागेजवळ राहिलेली ही बाई. पण तिच्याबद्दल लिहिताना लोक आधी ती कोणत्या राजाची मुलगी तेच सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, या साऱ्या साहेबाच्या घरच्या. आपल्या बायकांचे काय? आपल्याकडे १८५४ साली सावित्रीबाई फुल्यांचे ‘काव्यफुले’ छापले गेले. त्यात पिवळ्या चाफ्यावर, जाईच्या कळीवर, गुलाबावर कविता आहेत. फुले हे आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलेले. शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आपण जाणतो. चाफ्याकडे बारकाईने पाहणाऱ्या सावित्रीबाई शिक्षकांनीही क्वचितच वर्गात वाचल्या असतील. पुढे दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आले १९५६ साली, आणि नंतर केईएम रुग्णालयातल्या डॉ. शरदिनी डहाणूकरांनी ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ लिहिले. दुर्गाबाईंचे नाव टिकले. डहाणूकरबाईंची पुस्तके मात्र तालुक्याच्या वाचनालयात मागून पाहावीत. मिळाली तर नशीब समजा.

आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांचे काय? पहिला पाऊस पडला की नेरळ-कर्जतच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडाची हिरवी आंबट फळे असतात, कारण ती घातली नाहीत तर शेवळे घशाला खाजतात. कोणते शेवळ घ्यायचे, कुठे उगवते, किती कंद जमिनीत राहू द्यायचे म्हणजे पुढच्या साली पुन्हा मिळेल, हे सारे त्यांच्या जिभेवर आहे. मारिया ग्रॅहॅमने चिलीत नेमके असलेच ज्ञान वहीत उतरवले होते. शिक्षक मित्रहो, तुमच्या वर्गात त्या बायांच्या मुली बसत असतील. जून महिन्यात त्यांना एक वही द्या आणि आईला विचारून भाज्यांची नावे लिहून आणायला सांगा. टाकळा, कुरडू, भारंगी, लोत यांपासून सुरुवात होईल. वहीवर आईचे नावही घालायला सांगा, आणि ते पहिल्या पानावर.